शिमानो आरसी३ : चवडा रुंद आणि टाच अरुंद असेल तर

सायकलचे बूट घेताना सगळ्यात जास्त फसगत होते ती चवड्यामुळे. चवडा आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतला जातो. त्याबरोबर टाचेकडची वाटीही मोठी होते आणि कसारा घाटात उभं राहून पेडल मारताना टाच वरखाली घासू लागते. मग डायल, म्हणजे बुटाची तार आवळायची गोल चकती, आवळत न्यायची. टाच तरीही धरत नाहीच, वर पावलाच्या शिरा दबून बोटं बधिर होतात.

आरसी३ ची शिफारस करतो ती यासाठी, की हा बूट नेहमीच्या मापाबरोबर रुंद मापातही येतो. नंबर तोच, चवड्याला जागा जास्त. माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर सगळ्यात लांब बोटापर्यंत खूण करा, दोन्ही पायांची. शिमानोच्या तक्त्यात २६.५ सेंमी म्हणजे ४२ नंबर आणि २७.२ म्हणजे ४३.

दुकानात सायकलचेच मोजे घालून बसा, टाच दोनदा मागे ठोका आणि मगच डायल फिरवा. टाचेमागे करंगळी शिरली तर बूट सैल आहे. चार पावलं चालून मात्र निकाल देऊ नका. तळ कडक असल्यामुळे तो वाकत नाही, त्यामुळे चालताना चांगल्या बुटातही टाच थोडी उचलतेच. ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारायच्या स्टँडवर, दहा मिनिटं बसू देणारं दुकान शोधा. पेडल वर येताना टाच जागेवर राहते का, तेवढंच बघायचं. मागची कड टाचेवरच्या शिरेला टोचत असेल तर बूट परत ठेवा. 'वापरून मऊ होईल' यावर विश्वास नको. वाटीच्या आत कडक कवच असतं, ते मऊ होत नाही.

सोबतचा इनसोल (बुटातला सुटा आतला तळ) सपाट आहे, हे याचं खरं उणं. तळव्याच्या कमानीला आधार नसला की जोर लावताना पाय पुढे सरकतो आणि टाचेमागे पोकळी पडते. आधी कमानीचा इनसोल घालून बघा. टाचेमागे चिकटवायच्या गाद्या त्यानंतर, कारण त्या पाय आणखी पुढे ढकलतात.

या बुटावरची एल६ डायल पुढे फिरवून घट्ट होते, पण एक-एक टिक सैल करता येत नाही. वर ओढली की सगळी तार सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून आवळावी लागते. म्हणून चढाला लागण्याआधी जरा सैलच ठेवा, मग गरजेपुरती फिरवा.

क्लीट, म्हणजे बूट पेडलला अडकवणारा तळाखालचा तुकडा, तीन बोल्टची; बोल्ट ५ ते ६ न्यूटन मीटरला आवळायचे. लाल क्लीटला अजिबात फिरकी नाही, म्हणजे पेडलवर टाच डावी-उजवीकडे वळत नाही. ती थोडी जरी वाकडी बसली तरी टाच एका बाजूला घासते. पिवळीला ६ अंश मोकळीक आहे, सुरुवातीला तीच लावा. त्र्यंबक रोडला दर चहाला उतरणाऱ्यांनी मात्र दोन बोल्टचे एसपीडी बूटच (यांची क्लीट तळात आत बसते) घ्यावेत, ओल्या फरशीवर ही क्लीट घसरते.

पावसात भिजले की इनसोल बाहेर काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला. उन्हात किंवा हीटरपाशी ठेवले तर डिंक सुटतो.