दुसरा मॉनिटर आडवा ठेवायचा की उभा?

प्रोग्रामिंगसाठी दुसरा मॉनिटर घ्यायचाय, तर आधी एवढंच ठरवा: त्याच्यावर कोड लिहिणार की वाचणार? वाचायचं असेल तर उभा. लिहायचं असेल तर मी तरी आडवाच घेईन.

साधा २४ इंची, १९२० बाय १०८० चा मॉनिटर धरू. एका ओळीला २० पिक्सेल लागतात असं मानलं, तर आडव्यावर ५४ ओळी मावतात; वरचे टॅब आणि खालचं टर्मिनल वजा केलं की तीस-पस्तीसच उरतात. उभ्यावर ९६. जावाचा लांबलचक स्टॅक ट्रेस (प्रोग्राम अडखळला की चूक कुठून कुठे आली ते दाखवणारी यादी) उघडा म्हणजे फरक कळेल. वरचं एक्सेप्शन, म्हणजे चूक, आणि पार तळातलं मूळ कारण सांगणारं ‘कॉज्ड बाय’ एकदम समोर दिसतं, स्क्रोल करताना मधला दुवा निसटत नाही. लॉग, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदी, वाचतानाही तेच सुख.

रुंदी मात्र १०८० पिक्सेलच मिळते. पायथॉनच्या पेप ८ या कोड लिहिण्याच्या नियमावलीतली ७९ अक्षरांची मर्यादा पाळणाऱ्यांना ती पुरते. डावीकडे फाइलींची यादी आणि उजवीकडे मिनीमॅप (पूर्ण फाइलीचं छोटं चित्र) उघडा ठेवणाऱ्यांची पंचाईत होते. जुना-नवा कोड शेजारी-शेजारी दाखवणारा डिफ तर विसराच, एकाखाली एक दाखवणाऱ्या डिफची सवय करावी लागते. मीटिंगमध्ये कुणी स्क्रीन शेअर केली की मधोमध सहाशे पिक्सेल उंचीची पट्टी, बाकी सगळं काळं.

खरेदीत लोक फसतात ते पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या प्रकारावर. स्वस्तातलं टीएन पॅनेल वरून-खालून बघितलं की रंग बदलतं. ते उभं केलं की हाच दोष डावी-उजवीकडे येतो आणि दोन डोळ्यांना दोन छटा दिसतात. कोन बदलला तरी रंग फारसे न बदलणारं आयपीएस पॅनेलच घ्या. विंडोजमध्ये अक्षरांच्या कडा रंगीत दिसू लागल्या तर क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत दाखवणारी विंडोजची सोय) बंद करून बघा. ते आडव्या पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या गृहीत धरून चालतं.

स्टँड फिरणारा आहे ना, तेही बघा. नसला तर मागे व्हेसा मानकाची स्क्रूची भोकं हवीत, म्हणजे वेगळा आर्म लावता येईल. त्याचा खर्च आधीच धरा.

२७ इंची उभा करायचा मोह होतो, पण नुसता पडदाच ६० सेंटिमीटर उंच होतो आणि वरच्या ओळींसाठी दिवसभर मान वर करावी लागते. त्या आकारात २५६० बाय १४४० चा एकच मॉनिटर आडवा ठेवून दोन फाइली शेजारी उघडणं मला जास्त पटतं. फिरणारा स्टँड ऑफिसात कुणाकडे असेल तर करून बघायला आठवडाभर मागून घ्या. लिनक्सवर एक्सआरअँडआर (पडद्याची मांडणी बदलणारं साधन) चालत असेल तर चित्र उभं फिरवणं एका कमांडचं काम आहे.