द्राक्ष नाशिकचं की बाहेरचं: पैसा कोणत्या तपासणीवर घालायचा?

शेतकरी कंपनीला किंवा पॅकहाऊसला 'माल इथलाच' हे प्रयोगशाळेकडून सिद्ध करून घ्यायचं असेल, तर आधी ठरवा: नाशिकच्या नावावर कुठला माल खपवला जातोय असा तुमचा संशय आहे? तासगावचा, कर्नाटकातल्या चिक्कबळ्ळापूरचा की परदेशी? तपासणी त्यावरून ठरते.

नावाजलेली तपासणी स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांची, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंची. खडकातल्या रुबिडियमचं फार सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होत जातं; म्हणून जुन्या, रुबिडियम भरपूर असलेल्या खडकात स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर चढं असतं. वेल ते गुणोत्तर जवळपास आहे तसं मण्यात आणतो. निफाड-दिंडोरीची काळी जमीन सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टची, आकडा ०.७०५ च्या आसपास. चिक्कबळ्ळापूरकडचा ग्नाइस हा खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुना, तिथे आकडा ०.७१० च्या पुढे जातो. हा फरक लपत नाही. पण तासगावही बेसाल्टवरच! तिथला माल वेगळा काढायला ही तपासणी केली, तर पैसे गोदावरीत.

ऑक्सिजन-हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून झाडाने कुठलं पाणी प्यालं याचा माग लागतो. समुद्रापासूनचं अंतर आणि उंची यांनी पावसाचं पाणी बदलतं. अडचण अशी की कॅनॉलचं पाणी आणि उन्हाळ्यात आटत आलेल्या शेततळ्याचं पाणी एकाच गावातही सारखं नसतं, शिवाय दर हंगामाला आकडे हलतात. युरोपीय संघ वाइनसाठी १९९१ पासून दरवर्षी नव्या नमुन्यांची भर घालतो, ते यासाठीच. बेदाण्यात तर रसातलं पाणीच उडालेलं असतं.

तासगावशी तुलना असेल तर मी आयसीपी-एमएसवरच्या (अगदी सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यंही मोजणाऱ्या यंत्रावरच्या) मूलद्रव्यांच्या तपासणीला झुकतं माप देईन. एका नमुन्यातून डझनावारी मूलद्रव्यं कळतात. मात्र यादी डोळसपणे निवडा. तांबं बोर्डो मिश्रणाच्या फवारणीमुळे बाद झालं, मँगनीज मँकोझेब या बुरशीनाशकामुळे, बोरॉन-झिंक फवारण्यांमुळे. पोटॅशही ड्रिपमधून सोडलेलं असतं. बेदाण्याला तर डिपिंग ऑइलबरोबर पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवलेलं असतं. हे सगळं जमिनीचं नाही, बागायतदाराच्या हाताचं मोजमाप. रुबिडियम, बेरियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं (लँथनम, सिरियम वगैरे) यांवर भर द्या आणि मणी धुऊनच द्या, नाहीतर रस्त्याची धूळ मोजली जाईल.

रंगद्रव्यांची तपासणी जात ओळखायला चांगली, गाव ओळखायला नाही. थॉमसन या पांढऱ्या जातीला तर तिचा उपयोगच नाही.

यातली कुठलीही निवडा, तुलनेला खात्रीचे नमुने नसतील तर लॅबचा अहवाल नुसता आकड्यांचा कागद. निर्यातीच्या बागांची ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर प्लॉटनिहाय नोंद असतेच. त्याच प्लॉटमधून तोडणीच्या वेळी घड, माती आणि पाणी एकत्र उचला. तासगावचे नमुनेही तिथल्या बागेतून स्वतः आणा, बाजारातून नकोत. पहिला खर्च यावर, मशीनवर नंतर.