भंगारातून आणलेला २.१ स्पीकर संच : दहा महिन्यांच्या वापरानंतर

या संचाचे वॉट आणि इंच खोक्यावर छापलेले असतात, त्यामुळे त्यांत जागा घालवत नाही. हा अनुभव त्याच्या पॉवर सप्लायचा, म्हणजे घरातली वीज आतल्या भागांना पेलेल अशी करून देणाऱ्या बोर्डाचा आहे, आणि त्यातही मुख्यतः गोंदाचा.

गेल्या नोव्हेंबरमध्ये सोसायटीच्या फाटकाशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर हा संच दिसला. लाकडी सबवूफर धड होता आणि दोन्ही छोटे स्पीकर वायरींसह शाबूत होते. ३०० रुपयांना सौदा ठरला तेव्हा त्याने बजावले, "साहेब, चालू नाहीये हां, नंतर बोलायचं नाही." घरी प्लग लावल्यावर निळा दिवा क्षणभर लुकलुके, आतून टिक् असा आवाज येई, आणि दर सेकंदाला हाच प्रकार चाले. आळसापोटी मी तो आधी कंपनीच्या सेवा केंद्रात नेला, ही माझी चूक. तिथे ३५० रुपये तपासणी शुल्क आगाऊ घेतले, झाकण उघडले की नाही देव जाणे, आणि दोन दिवसांनी सांगितले की सुटे भाग बदलत नाहीत, पूर्ण बोर्ड ३,२०० रुपयांना मिळेल. वस्तूपेक्षा तिची तपासणी महाग पडली, हा हिशोब मी अजून विसरलेलो नाही.

अशी टिकटिक ऐकली की एका छोट्या कंडेन्सरकडे, म्हणजे वीज थोडा वेळ साठवून ठेवणाऱ्या भागाकडे पाहावे. या सप्लायचा कारभार ३८४२ जातीचा आयसी (चिप) पाहतो. घरातली २३० व्होल्टची वीज एकदिश झाल्यावर मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट तयार होतात, आणि तिथून एक मोठ्या मूल्याचा रेझिस्टर आयसीजवळचा ४७ मायक्रोफॅरडचा (हे साठवण क्षमतेचे माप) कंडेन्सर हळूहळू भरतो. तो १६ व्होल्टपर्यंत भरला की आयसी जागा होतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या मदतनीस वाइंडिंगकडून (आयसीला वीज देणाऱ्या तारेच्या वेटोळ्याकडून) पुरवठा येईपर्यंत त्याच साठ्यावर तग धरतो. व्होल्टेज १० च्या खाली गेले की पुन्हा झोपतो. कंडेन्सर सुकलेला असेल तर वाइंडिंग हात देण्याआधीच साठा संपतो आणि सारे पहिल्यापासून सुरू होते.

माझ्या संचातल्या त्या कंडेन्सरची क्षमता मीटरवर ६ मायक्रोफॅरड भरली, आणि तरीही तो दिसायला नवाकोरा होता. आउटपुटकडचे २२०० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर मात्र डोक्यावर चांगलेच फुगले होते, म्हणून मीही आधी तेच बदलले आणि टिकटिक जशीच्या तशी राहिली. तापमान १० अंशांनी वाढले की ज्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, तो भाग हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या तापत्या पत्र्याला) खेटून बसवणाऱ्या अभियंत्याला माझा नमस्कार.

बुधवार पेठेतल्या एका दुकानातून १०५ अंशांपर्यंत तापमान सोसणारे तिन्ही कंडेन्सर ४५ रुपयांत मिळाले. पहिली चाचणी १०० वॅटच्या सिरीज बल्बमधून, म्हणजे संचाच्या वाटेत जोडलेल्या साध्या बल्बमधून घेतली; आत शॉर्ट असेल तर तो उजळलेलाच राहतो. बल्ब क्षणभर उजळून विझला, म्हणजे प्रायमरीला (घरातल्या विजेकडच्या बाजूला) शॉर्ट नव्हता. (फार कमी वॅटचा बल्ब लावला तर चांगला सप्लायही टिकटिक करू शकतो, हे ध्यानात ठेवावे.) पुढचे आठ महिने संच बिनतक्रार वाजला. आवाज खुला आहे, तबल्याचा डग्गा भरदार ऐकू येतो, आईची सकाळची आकाशवाणी त्यावरच चालते. निळा दिवा डोळ्यांत जातो म्हणून त्यावर काळी टेप लावली आहे. "४५ रुपयांची दुरुस्ती" असे मी तेव्हा भेटेल त्याला सांगत होतो. ते विधान आता मागे घेतो.

जुलैमध्ये सलग पावसाच्या एका सकाळी संच सुरूच होईना. दुपारी ऊन पडल्यावर तो आपोआप वाजू लागला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मुका झाला. मी तडक दुकानात गेलो आणि नकली माल दिल्याबद्दल चार लोकांसमोर तक्रार केली. दुकानदार काकांनी शांतपणे माझाच काढून नेलेला कंडेन्सर मीटरला लावला, ४६ मायक्रोफॅरड. "माल बरोबर आहे. गोंद बघितला का?" एवढेच ते म्हणाले.

मी बघितला नव्हता. शिवाय या वेळी टिकटिक नव्हती, पूर्ण शांतता होती, आणि हा फरक माझ्या आधीच लक्षात यायला हवा होता. भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात ओततात तो फिकट पिवळा गोंद उष्णतेने करपलेल्या गुळासारखा तपकिरी झाला होता. असा जुना गोंद वीज वाहू लागतो आणि भागांचे तारेचे पायही गंजवतो. छोटा कंडेन्सर भरणाऱ्या त्या रेझिस्टरचा एक पाय हिरवा पडला होता. मीटरच्या पिना वीज बंद असताना लावून ठेवल्या, ऋण पिन सांगाड्याला न लावता मोठ्या कंडेन्सरच्या ऋण टोकाला लावली, मग प्लग लावला. आयसीचे व्होल्टेज १२ वर अडकून राहिले होते. गोंदातून गळती होत असल्यामुळे ते १६ पर्यंत चढतच नव्हते. प्लग काढून, मोठा कंडेन्सर रिकामा झाल्याची मीटरने खात्री करून, भाग सुटे केल्यावर नुसत्या गोंदात पिना खुपसल्या तर सुमारे २० किलोओहम दिसले, जिथे मीटरने काहीच दाखवायला नको होते. बायकोचा हेअर ड्रायर दहा मिनिटे चालवल्यावर तोच आकडा कित्येक पटींनी वाढला. ओल्या सकाळचे कोडे तिथेच सुटले.

कंडेन्सर बदलायला वीस मिनिटे लागली होती. गोंद काढायला अडीच तास लागले. बांबूची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश आणि भरपूर चिडचिड एवढे साहित्य पुरते. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये, बोर्डवरचे तांबे उखडते. गंजलेल्या रेझिस्टरच्या जागी १५० किलोओहमचे दोन, अर्ध्या वॅटचे, एकापुढे एक जोडले, कारण एकट्या छोट्या रेझिस्टरला ३२५ व्होल्ट पेलत नाहीत. त्यानंतर घरातला इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर आणि शेजाऱ्यांचा ॲम्प्लिफायरही मी उघडून पाहिला, आणि गोंदाविषयी माझ्याकडून ऐकून घरचे आता विषय बदलतात.

एकूण खर्च : संच ३००, न झालेली तपासणी ३५०, कंडेन्सर ४५, रेझिस्टर आणि अल्कोहोल मिळून ९०. दुकानदार काकांची माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला. मी संकोचून ४७ मायक्रोफॅरडचे दहा कंडेन्सर विकत घेतले, ते तसेच खणात पडून आहेत.

सप्टेंबरही कोरडा नाही, पण संच रोज सकाळी पहिल्या फटक्यात सुरू होतो. भंगारवाल्याला मात्र सुगावा लागला आहे. परवा त्याने याच जातीचा आणखी एक संच दाखवला आणि ७०० सांगितले. मी तिथेच चार स्क्रू काढून आधी गोंदाचा रंग पाहिला, आणि ४०० च्या वर गेलो नाही.