तुटलेला सूर: नवा बसवायचा की जुन्याच चौकटीत पात बदलायची?

पेटीच्या, म्हणजे हार्मोनियमच्या, कामात सूर म्हणजे पितळी चौकट आणि तिच्यावर एका टोकाला पक्की केलेली, हवेने थरथरून वाजणारी पात. जुन्या पेटीतला असा सूर तुटला की कारागीर साधारणतः दोन वाटा सुचवतो. एक म्हणजे अख्खा सूर काढून नवा बसवायचा, बहुधा पालिताण्याचा. दुसरी म्हणजे जुनी पितळी चौकट तशीच ठेवून तिच्यावर नवी पात रिव्हेट करायची. माझ्याकडच्या जर्मन सुरांच्या पेटीत मध्य सप्तकातली पांढरी चार, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीचा सूर, तुटला, तेव्हा मी आधी पहिली वाट धरली आणि काही काळाने दुसरी. दोन्ही सूर एकाच पेटीत, एकाच जागी वाजवून बघितल्यामुळे माझं मत बनलं आहे. तुमची पेटी आणि तुमचं वाजवणं वेगळं असेल, तर ते तुम्हाला पटेलच असं नाही.

आधी खात्री करून घ्या की सूर खरोखर गेला आहे. पात बहुतेक वेळा रिव्हेटजवळ, मुळाशी तडकते, कारण वाक तिथेच सर्वांत जास्त पडतो. सेकंदाला 440 कंपनांचा सूर दहा मिनिटं धरला तर पात अडीच लाखांहून जास्त वेळा वाकते. त्यात कुणी सूर जुळवताना मुळाशी आडवा ओरखडा काढून ठेवला असेल, तर तड तिथूनच सुरू होते. तड गेली की मुळाची ताकद घटते आणि सूर उतरू लागतो. मग टोक घासून तो चढवला जातो, थोडे दिवस बरा वाटतो, पुन्हा उतरतो. एकच सूर असा वारंवार उतरत असेल तर त्याला आणखी घासू देऊ नका. भिंगातून मूळ बघा.

तुटलेल्या पातीला डाख लावून ती जोडता येईल का, असं बरेच जण विचारतात. माझ्या मते तो नाद सोडावा. पातीत जी लवचीक ताकद असते ती पितळ थंडपणे लाटून आलेली असते. उष्णता दिली की पितळ नरम पडतं आणि ती ताकद जाते. मोडीत निघालेल्या पेटीतला त्याच जातीचा सूर मिळाला तर उत्तमच, पण हवा तोच सूर हवा तेव्हा सापडेल यावर विसंबता येत नाही, आणि त्याचंही वय झालेलंच असतं.

आता नवा सूर. गुजरातेतल्या भावनगर जिल्ह्यातलं पालिताणा पेटीच्या सुरांसाठी प्रसिद्ध आहे आणि तिथल्या चांगल्या सुरांवर मनापासून वाजवणारे कितीतरी वादक आहेत. सूर सहज मिळतो, काम लवकर होतं, आणि रोजच्या भजनाला किंवा शिकणाऱ्या मुलांच्या पेटीला एवढं पुरे आहे. सगळीच पेटी पालिताणा सुरांची असेल तर दुसरा विचार करायचं कारणच नाही.

माझी अडचण झाली ती शेजारच्या सुरांमुळे. मी ज्यांच्या साथीला बसत होतो ते गायक काळी एकमध्ये गात होते, म्हणजे पहिली काळी पट्टी हा त्यांचा षड्ज आणि माझी पांढरी चार हा त्यांचा शुद्ध गंधार. यमनात त्याच्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. विलंबित ख्यालाच्या साथीत भाता अगदी हलका ठेवावा लागतो. भीमसेन जोशींच्या मागे आप्पा जळगावकरांची पेटीची साथ ऐकलीत तर मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पेटी आवाजाच्या खाली राहून सतत बोलत असते. माझ्या पेटीत रिषभ आणि मध्यम त्या हलक्या हवेवर बोलायचे, आणि गंधार मात्र क्षणभर थांबून मग एकदम बाहेर यायचा. गायकाची आस, म्हणजे सुरांमधला सलग धागा, तुटायची ती नेमकी तिथे.

कारागिराने पातीचा वाक, म्हणजे तिचं टोक चौकटीपासून जेवढं वर उचललेलं असतं तो, कमी करून दिला. सूर लवकर बोलू लागला, पण तानेला भाता जोरात दिला की गुदमरू लागला. वाक वाढवला की पुन्हा उशीर. याचं मूळ पात आणि ती जिच्यात हलते ती चौकटीतली खाच यांच्यामधल्या फटीत आहे, असं मला वाटतं. ती फट जितकी अरुंद आणि सारखी, तितका सूर कमी हवेवर उठतो. माझ्या पेटीतल्या जुन्या चौकटींच्या खाचा फार नेटक्या आहेत. नव्या सुराची खाच त्या मानाने सैल होती. प्रत्येक नवा सूर असाच असेल असं म्हणणार नाही, पण ही एक गोष्ट मला रोज खुपत राहिली.

म्हणून पुन्हा जुनी चौकट. हे काम करणारा हात शोधावा लागतो आणि वाट बघावी लागते. जुना रिव्हेट घासून काढायचा, शेजारच्या सुराची पात मोजून तेवढ्याच जाडीच्या कडक पत्र्यातून नवी पात कापायची, ती खाचेत बरोबर मधोमध बसवून ठोकायची. पात किंचित तिरकी बसली तर कडेला घासते, रिव्हेट सैल राहिला तर सूर मेल्यासारखा वाजतो. शिवाय नवी पात सुरुवातीला जागेवर राहत नाही, सूर दुसऱ्यांदा जुळवून घ्यावा लागतो. नव्या सुराचंही तेच झालं होतं, त्यामुळे या बाबतीत मी दोघांना सारखंच धरतो.

आवाजाचा रंग शेजाऱ्यांशी अगदी तंतोतंत मिळाला असं नाही. कान देऊन ऐकलं तर नवी पात थोडी उजळ वाटते. पण हलक्या हवेवर ती रिषभ-मध्यमाबरोबरच बोलते, आणि साथीला बसणाऱ्याला याहून मोठी गरज नसते. ज्याला तबल्यासाठी लेहरा, म्हणजे फिरून फिरून तीच धून, धरायचा आहे किंवा एकट्याने नाट्यगीतं वाजवायची आहेत, त्याला कदाचित हा फरक एवढा महत्त्वाचा वाटणार नाही.

जुळलेला कारागीर आज हाताशी नसेल, किंवा कार्यक्रम तोंडावर असेल, तर खुशाल नवा सूर बसवून घ्या. फक्त काढलेली चौकट दुकानात सोडू नका. कागदात गुंडाळून, वर कुठल्या सप्तकातला, नराचा (मधल्या आवाजाच्या संचातला) की खर्जाचा (खालच्या आवाजाच्या संचातला) कुठला सूर ते लिहून, पेटीच्या आतच ठेवा. पात पुढे केव्हाही बसवता येते, ती चौकट मात्र पुन्हा मिळत नाही.