शंभर रुपयांचं रजिस्ट्रेशन, साडेतीस हजारांचा चुना

२०२३ च्या दिवाळीनंतर आम्ही पुण्याच्या वारज्यात पोळी-भाजी केंद्र काढलं. गाळा भाड्याचा, पोळ्या आईच्या, हिशोब माझा. लायसन्ससाठी गाळामालकांनी एका एजंटचा नंबर दिला. गडी भलताच गोड. "दादा, शॉप ॲक्ट, छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी, फूड लायसन्स, सगळं साडेपंधरा हजारांत. तुम्ही फक्त आधारची झेरॉक्स द्या." चौथ्या दिवशी तीन सर्टिफिकेटं लॅमिनेट करून हजर. आईने त्याला पेढा दिला.

तीन आठवड्यांनी, ऐन डब्यांच्या गर्दीत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेले दोघं आले. "फूड इन्स्पेक्शन." कढईतलं तेल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ओतून घेतलं आणि म्हणाले, तेल जळलेलं आहे, दुकान सील होईल. मी पावतीचं विचारलं. "पावती फाडली तर पन्नास हजारांची फाडावी लागेल." घाबरून एजंटला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब ओळखीचे आहेत, पंधरात मिटवतो." रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी वाद घालणारा मी, पंधरा हजार रोख मोजून मोकळा झालो.

संध्याकाळी शेजारच्या मिठाईवाल्या काकांना सांगितलं, तर ते हसायलाच लागले. "अरे, खरा अधिकारी नमुना घेतो तेव्हा साक्षीदार लागतो, नमुन्याचे चार भाग करून सील होतात, आणि नमुन्याची किंमत तोच तुला देतो! जागेवर रोख दंड कोण घेतं?" मग त्यांनीच मोबाईलवर फॉसकॉस ही फूड लायसन्सची सरकारी साइट उघडून माझ्या सर्टिफिकेटवरचा चौदा आकडी नंबर टाकला. निघाली दुसऱ्याच जिल्ह्यातली डेअरी.

पुढचं कळत गेलं तसतशी जास्तच लाज वाटली. वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असली की तेव्हा फूडचं नुसतं रजिस्ट्रेशन पुरायचं, त्याची फी वर्षाला १०० रुपये. उद्यम फुकट. आणि २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टला फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागायची. आमच्याकडे कामगार म्हणजे आई आणि एक मावशी. हे सगळं मी एका रविवारी दुपारी, चहा पीत, स्वतः भरलं. एवढंच काम होतं ते!

पोलिस चौकीत अर्ज दिला, पोच मिळाली. एजंटचा फोन बंद. गाळामालक म्हणतात, "मला काय माहीत, तो कोपऱ्यावर बोर्ड लावून बसायचा." खऱ्याच अधिकाऱ्याने पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर आहे, तो आता गल्ल्याच्या आत चिकटवलाय.

आई मात्र तिच्या पद्धतीने हिशोब करते. आमची पोळी दहा रुपयांना. म्हणजे तीन हजार पन्नास पोळ्या. "आणि तो पेढा वेगळा," ती म्हणते.