पेपाल, व्हेन्मो, कॅश ॲपमधल्या क्रिप्टोचा हिशेब कुठे ठेवावा?

अमेरिकेत क्रिप्टो घ्यायला वेगळं एक्सचेंज, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचा बाजार, लागतंच असं नाही. पैसे देण्याघेण्याच्या ॲपमध्येही ते घेता येतं: कॅश ॲपवर २०१८ पासून, पेपालवर २०२० च्या अखेरीपासून आणि व्हेन्मोवर २०२१ पासून ते रोजच्या पैशांशेजारीच मिळतं. त्याचं मूल्य बघायचे मार्ग तीन: खुद्द ॲप, वेगळा ट्रॅकर (सगळीकडच्या क्रिप्टोचा हिशेब एकत्र ठेवणारी सेवा) किंवा स्वतःची स्प्रेडशीट. एकच ॲप आणि एक-दोन प्रकारचे कॉइन असतील तर माझं मत सरळ शीटला.

ॲपमधला आकडा सगळ्यात सोयीचा, पण तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: आत्ता विकलं तर अंदाजे किती येतील? अंदाजेच, कारण विकताना फी जाते आणि भावात स्प्रेड, म्हणजे बाजारभाव आणि ॲपचा भाव यांतला फरक, धरलेला असतो. त्याच मिनिटाला कॉइनगेको या भाव दाखवणाऱ्या साइटवर थोडा वेगळा भाव दिसला तर गोंधळू नका. तिथे अनेक एक्सचेंजांची सरासरी असते, ॲपमध्ये ॲपचा स्वतःचा भाव.

खरी अडचण टॅक्सच्या वेळी येते. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं टॅक्स खातं, २०१४ पासून क्रिप्टोला मालमत्ता मानतं. त्यामुळे विकणं, एका कॉइनचं दुसरं करणं, पेपालच्या चेकआउटला बिटकॉइनने पैसे देणं, ही सगळी विक्रीच. नफा काढायला खरेदी-किंमत हवी, आणि २०२५ मधल्या विक्रीच्या १०९९-डीए फॉर्मवर (क्रिप्टो-विक्री आयआरएसला कळवण्याचा फॉर्म) ब्रोकरने, म्हणजे इथे ॲपने, फक्त विक्रीची रक्कम दाखवणं बंधनकारक आहे. खरेदी-किंमत दाखवण्याची सक्ती २०२६ पासूनच्या विक्रीला, तीही २०२६ मध्ये किंवा नंतर त्याच खात्यात घेतलेल्या कॉइनपुरती. जुन्या खरेदीचा पुरावा तुम्हालाच सांभाळायचा आहे.

म्हणून शीट. रकाने पाच पुरतात: तारीख, ॲप, किती कॉइन, एकूण दिलेले डॉलर, त्यातली फी. समजा ५०० डॉलर गेले आणि त्यातले ९ फीचे होते, तर खरेदी-किंमत ५०० धरायची, ४९१ नाही. फी खरेदीतच मोडते आणि तेवढा नफा कमी होतो. चालू भावासाठी गूगल शीट्समधलं गूगलफायनान्स फंक्शन बिटकॉइन-डॉलर जोडीला चालतं. भाव काही मिनिटं मागे असू शकतो, पण महिन्याकाठी बघणाऱ्याला त्याने काहीच बिघडत नाही.

शीट कधी हात टेकते? कॅश ॲपवर सुट्ट्या पैशांतून आपोआप बिटकॉइन घेण्याची सोय लावली असेल, किंवा व्हेन्मो कार्डाचा कॅशबॅक क्रिप्टोत जात असेल, तर चिमुकल्या खरेद्यांच्या ओळी वाढत जातात. हाताने कोण भरणार? तिथे कॉइनट्रॅकर किंवा कॉइन्लीसारख्या ट्रॅकरचे पैसे वसूल होतात. एक्सचेंज आणि हार्डवेअर वॉलेटही (कॉइनच्या चाव्या स्वतःकडे ठेवायचं छोटं उपकरण) असेल तर ट्रॅकरच घ्या. पेमेंट ॲपचे व्यवहार मात्र बहुधा फाइल डाउनलोड करून चढवावे लागतात.

ट्रॅकरमध्ये एक जागा सांभाळा. पेपालमधून कॉइन स्वतःच्या वॉलेटमध्ये नेण्याची सोय २०२२ पासून आहे. तसं नेलं आणि ट्रॅकरला एकच बाजू माहीत असली, तर निघालेलं बिटकॉइन विकल्यासारखं किंवा आलेलं फुकट मिळाल्यासारखं दिसू शकतं. दोन्ही बाजू जोडा. जोडणी फक्त वाचण्यापुरती ठेवा, म्हणजे ट्रॅकरला व्यवहार दिसतील पण करता येणार नाहीत, आणि वॉलेट उघडणारे गुप्त शब्द कोणत्याही ट्रॅकरला देऊ नका, कितीही नावाजलेला असला तरी.

तुम्ही अमेरिकेतून भारतात परतायच्या विचारात असाल तर वर्ष संपायची वाट बघू नका. पेपाल खात्याचा देश बदलता येत नाही, जुनं खातं बंद करून नवं उघडावं लागतं. खातं चालू आहे तोवर पहिल्या खरेदीपासूनचे सगळे व्यवहार उतरवून घ्या, आणि ती फाइल त्या ॲपच्या बाहेर ठेवा.