शेतीचा ड्रोन की लष्कराचा? नागपुरातल्या छोट्या युनिटनं नियम बघून ठरवायचं असेल तर

हिंगणा, बुटीबोरीकडची बरीच पोरं सध्या एकच विचारून राहिली, की चार-पाच जणांची टीम आहे, स्वतःची फ्रेम उडते, फ्लाइट कंट्रोलरवर (ड्रोनला हवेत सांभाळणारा बोर्ड) हात बसलाय, आता फवारणीच्या ड्रोनकडे जायचं की डिफेन्सकडे. पैशाचं गणित ज्याचं त्यानं करावं, मी फक्त नियमांच्या अंगानं दोन्ही बाजू समोरासमोर ठेवतो, कारण गैरसमज तिथंच जास्त आहेत. लोकांना वाटतं सिव्हिलमध्ये परवानग्यांची कटकट आणि डिफेन्समध्ये एकदा आत शिरलं की कोणी विचारत नाही. तसं अजिबात नाहीये.

सिव्हिलचं आधी बघू, ते सोपं आहे कारण सगळं छापलेलं आहे. ड्रोन नियम 25 ऑगस्ट 2021 ला आले, आधीच्या 25 फॉर्मचे 5 झाले, फीचे 72 प्रकार होते ते 4 वर आले. दहा लिटरचा फवारणी ड्रोन भरल्यावर 25 किलोच्या आत बसवला की तो स्मॉल कॅटेगरीत जातो, त्याला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची मान्यता लागते, चाचणी करणाऱ्या संस्थेला रिपोर्टसाठी 60 दिवस आणि पुढे डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) 15 दिवस, असं नियमातच लिहिलंय (पहिल्याच फेरीत पास होऊ असं धरून बजेट मात्र करू नका). पायलटचं सर्टिफिकेट 10 वर्षं चालतं. नियम मोडला तर दंड जास्तीत जास्त 1 लाख. आणि मागणीही सरकारनंच तयार केलीय, नमो ड्रोन दीदी योजनेत 15,000 बचत गटांना ड्रोन द्यायचे ठरले, किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत. नागपुरात अडचण उडवायच्या जागेची. विमानतळ सोनेगावला म्हणजे शहरातच, त्याच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच विनापरवानगी, त्याहून जवळ आलात तर परवानगी आलीच, वर वायुसेनानगर आणि अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी शहराला खेटून. त्यामुळे डेमो काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत ठेवा, आणि तिथंही आधी ड्रोन कुठं उडवता येतो ते दाखवणारा सरकारी मॅप बघा.

आता डिफेन्स. हेच ड्रोन नियम सेनादलांच्या ड्रोनना लागूच नाहीत, तसं त्या नियमांतच स्पष्ट म्हटलंय. इथंच पोरं खूश होतात. पण नियम गेले नाहीत, ते टेंडरमध्ये, ट्रायलच्या अटींमध्ये आणि लायसन्समध्ये जाऊन बसले, आणि बाहेरच्या माणसाला ते एका जागी वाचायला मिळत नाहीत. ट्रायल बहुतेक वेळा नो कॉस्ट नो कमिटमेंट, म्हणजे तुमचा ड्रोन तुमच्या खर्चानं सीमेवरच्या थंडीत न्यायचा, उडवून दाखवायचा, आणि ऑर्डरची हमी शून्य. लष्करी वापराचा पूर्ण ड्रोन बनवायचा तर इंडस्ट्रियल लायसन्स लागतं, पण बरेचसे सुटे भाग आणि कंपोनंट 2014 मध्ये त्या यादीतून काढले, हे फार कमी जणांना माहीत असतं आणि छोट्या युनिटसाठी सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

सगळ्यात मोठा फरक मला विचाराल तर पार्टमध्ये आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनची आयात बंद आहे, कंपोनंटची नाही. म्हणजे फवारणीच्या ड्रोनमध्ये चिनी मोटर किंवा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड) घातला तर कायद्यानं चालून जातं. तोच पार्ट लष्कराच्या ड्रोनमध्ये सापडला तर सगळं संपलं. 2025 च्या सुरुवातीला लष्कराने 400 लॉजिस्टिक ड्रोनचे करार याच कारणावरून रद्द केले, आणि त्या कंपन्या काही आपल्यासारख्या शेडमधल्या नव्हत्या. तुमचा फ्लाइट कंट्रोलर कुठे असेंबल झाला, त्यातली चिप कोणाची, फर्मवेअर कोणी लिहिलं, टेलिमेट्रीचा (उडताना ड्रोन खाली पाठवतो ती माहिती) डेटा कुठल्या सर्व्हरला जातो, याची फाइल तयार नसेल तर डिफेन्सचं नावच काढू नका, आणि ही फाइल मागाहून बनत नाही भाऊ, पहिल्या बिलापासून ठेवावी लागते.

स्फोटकांचं दोन ओळीत सांगतो. वॉरहेडच्या, म्हणजे ड्रोनवर बसवायच्या स्फोटकाच्या भानगडीत छोट्या टीमनं पडू नये. स्फोटकांचं नियंत्रण करणाऱ्या पेसोचं मुख्य कार्यालय आपल्याच सेमिनरी हिल्सवर आहे, आणि बाजारगावजवळच्या स्फोटकांच्या कारखान्यात डिसेंबर 2023 मध्ये स्फोटात नऊ कामगार गेले, ते आपल्याच भागातले लोक होते. ते काम ज्यांचं आहे त्यांना करू द्या.

आता ऑटोनॉमी, म्हणजे मशीननं स्वतः निर्णय घेणं, ज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते आणि ज्यावर सगळ्यात कमी लिहून ठेवलंय. शेतात ड्रोन आधी ठरवून दिलेल्या वेपॉइंटवर स्वतः फिरतो, टाकी संपली की परत येतो, चुकला तर फार तर औषध शेजारच्या धुऱ्यावर पडतं. नागपुरातच बनणारं नागास्त्र-1 बघा, हा लक्ष्यावर जाऊन स्वतःच फुटणारा लष्करी ड्रोन, माणसाच्या कंट्रोलमध्ये 15 किलोमीटर, ऑटोनॉमस मोडमध्ये 30. म्हणजे पल्ला दुप्पट होतो तो माणूस लूपमधून बाजूला झाल्यावर. पण त्याच सिस्टिममध्ये मिशन थांबवून पॅराशूटनं परत उतरवायची सोय आहे, आणि मला त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच वाटते, कारण कोणीतरी डिझाइनच्या टेबलावर ठरवलं की सोडल्यानंतरही नाही म्हणता आलं पाहिजे.

ही सोय असलीच पाहिजे असा जगाला बांधणारा करार आज नाही. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची स्वायत्त शस्त्रांवरची 3000.09 ही डायरेक्टिव्ह आहे, 2012 ची, जानेवारी 2023 मध्ये सुधारलेली, ती बळाच्या वापरावर योग्य प्रमाणात मानवी निर्णय राहिला पाहिजे एवढं म्हणते, आणि ती त्यांच्या खात्यापुरती. युरोपचा एआय कायदा लष्करी वापराला हातच लावत नाही. जिनिव्हातल्या शस्त्रविषयक आंतरराष्ट्रीय चर्चेत 2019 मध्ये 11 मार्गदर्शक तत्त्वं मान्य झाली, ती बंधनकारक नाहीत. डिसेंबर 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांवरचा ठराव 152 विरुद्ध 4 नं मंजूर झाला आणि त्या चारांत भारत होता, कारण आपली भूमिका अशी की चर्चा जिनिव्हातच व्हावी, बंधनकारक कराराची वेळ अजून आलेली नाही. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये तेव्हाचे सीडीएस (संरक्षण दल प्रमुख) जनरल अनिल चौहान यांनी लष्करी एआय तपासायची ईटीएआय चौकट जाहीर केली, त्यात विश्वासार्हता, सुरक्षा, पारदर्शकता, निष्पक्षता आणि गोपनीयता ही पाच तत्त्वं आहेत. सुरुवात चांगली आहे, पण निशाणा चुकला तर जबाबदार कोण, कोड लिहिणारा, बटन दाबणारा की ऑर्डर देणारा, याचं उत्तर एका चौकटीतून मिळत नाही. मला हे मनापासून खटकतं, आणि देशाच्या संरक्षणाच्या विरोधात आहे म्हणून नाही, तर उद्या आपल्याच पोराच्या कोडवर बोट ठेवलं जाईल म्हणून.

निर्यातीचंही तसंच. 25 किलोमीटरपर्यंत पल्ला आणि 25 किलोपर्यंत ओझं वाहून नेणारा, नागरी वापराचा ड्रोन असेल तर जून 2023 पासून तीन वर्षांचं एकच परमिट चालतं. लष्करी माल म्हटलं की स्कोमेट, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या मालाची सरकारी यादी, प्रत्येक वेळी शेवटचा ग्राहक कोण हे लेखी दाखवायचं.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं पुरेल एवढं भांडवल नसेल तर सिव्हिल घ्या, पण पार्टची फाइल पहिल्या दिवसापासून डिफेन्सच्या हिशोबानं ठेवा. डिफेन्समध्येच जायचं असेल तर पूर्ण ड्रोन नको, मोटर, बॅटरी पॅक, डेटालिंक (ड्रोन आणि जमिनीवरच्या माणसातला रेडिओ संपर्क) असं काहीतरी मोठ्या कंपनीला पुरवा. आयडेक्सचं (संरक्षण खात्याची स्टार्टअपना मदत करणारी योजना) चॅलेंज आपल्या कामाशी जुळत असेल तर जरूर भरा, दीड कोटीपर्यंतची मदत मिळते. आणि कोणी तुमच्याकडून कॅमेऱ्यानं टार्गेट ओळखायचं सॉफ्टवेअर मागितलं तर काम घेण्याआधी एक गोष्ट स्पेसिफिकेशनमध्ये लिहून घ्या, की लिंक तुटली तर त्यानं परत यायचं, घिरट्या घालायच्या की पुढे जाऊन मारायचं, आणि हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा त्याच पानावर पाहिजे. लिहून देत नसतील तर ते मॉड्यूल सोडून बाकीचं काम घ्या.